नावं घ्यायची तर मेलेल्यांची

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर आंकोना नावाचं बंदर आहे. तिथल्या एका कोळ्याच्या जाळ्यात एकदा टर्बट जातीचा चपटा मासा सापडला. तो इतका अवाढव्य निघाला, की आनंद व्हायच्या ऐवजी कोळ्याला घाम फुटला. विकायचा म्हटला तर घेणार कोण? किनाऱ्यावर जागोजाग खबरे पेरलेले. ते म्हणणार, हा मासा सम्राटाच्या तळ्यातून पळालेला आहे, मूळ मालकाकडे जमा करा. कोळी शहाणा. आपणच नेऊन नजर करावा हे बरं, असं त्यानं ठरवलं. थंडी पडायला लागली होती, मासा नासायची भीती नव्हती, तरी गडी असा धावत सुटला जणू उन्हाळी वारं पाठीला लागलंय. सम्राट डोमिशियन तेव्हा रोमजवळच्या आल्बाच्या वाड्यात होता. वाड्याच्या दारात सिनेटचे सभासद ताटकळत उभे होते. मासा मात्र थेट आत गेला.

आत गेल्यावर नवीनच पंचाईत. एवढा मासा मावेल असं भांडं नाही. झालं, तातडीची मसलत बोलावली गेली. साम्राज्याचे बडे सल्लागार पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी धावत आले. त्यात ऐंशी वर्षांचा क्रिस्पस होता. जन्मात कधी प्रवाहाविरुद्ध हात मारला नाही, म्हणूनच ऐंशीपर्यंत पोचलेला. मोंटानस होता, आधी त्याचं पोट आत आलं आणि मागून तो. कॅटुलस मेसालिनस होता, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. माशाचं सगळ्यांत जास्त कौतुक त्यानंच केलं, फक्त डावीकडे वळून केलं आणि मासा होता उजवीकडे. वेयेंटोनं तर शकुनच सांगितला, महाराज, एखादा परका राजा तुमच्या हाती लागणार. शेवटी मोंटानसनं तोडगा काढला. मासा कापायचा नाही, त्याच्या मापाचं खोल भांडं घडवायचं, आणि इथून पुढे छावणीबरोबर कुंभार ठेवत जायचे. सूचना मान्य. सभा बरखास्त.

ही जुवेनाल या रोमन कवीची चौथी सटायर, म्हणजे उपहासकविता. पीटर ग्रीन यांच्या इंग्रजी भाषांतराची जुनी प्रत मला फुटपाथवर मिळाली आणि मी नेमकी या पानावर उघडली. माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे विषय ‘भांडं’ आणि हजर मंडळी ‘सर्व वरिष्ठ’ अशी बैठक मला काही अगदीच अनोळखी वाटली नाही.

रोमन उपहासकवितेचा हेतू नैतिक होता, दुर्गुणांवर कोरडे ओढून समाज सुधारणं हे तिचं काम, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. खोटं नाही ते. पण या माशाच्या कवितेत खुशामत वाईट असं एकदाही म्हटलेलं नाही. आंधळा माणूस चुकीच्या बाजूला वळलेला तेवढा दाखवलाय. कवितेच्या शेवटी जुवेनाल म्हणतो, की या सम्राटानं सगळा काळ असल्याच फालतूपणात घालवला असता तर किती बरं झालं असतं. त्यानं रोममधली थोर माणसं मारली तेव्हा कुणी सूड घ्यायला उठलं नाही. चांभार-मोच्यांना त्याची भीती वाटायला लागली, तेव्हा मात्र तो संपला. ‘कुणी उठलं नाही’ याचा रोख डोमिशियनवर नाही, गप्प बसलेल्यांवर आहे.

आणि एक तारीख ध्यानात ठेवायला हवी. डोमिशियनचा खून झाला इ.स. ९६ मध्ये. जुवेनालनं कविता लिहिली त्यानंतर.

हिशेब तपासणीत आम्हाला एक गोष्ट लवकर कळायची. आक्षेप सगळ्यांत निवांतपणे कुणावर लिहिता येतो? बदलून गेलेल्यावर, निवृत्त झालेल्यावर, आणि देवाघरी गेला असेल तर फारच उत्तम. कागद खरा असतो, आक्षेपही खरा असतो, फक्त खुर्ची रिकामी असते. चार रोमन उपहासकवींची कहाणी मी याच नजरेनं वाचतो. नाव घेऊन कुणाला नावं ठेवता येतात, हा त्यातला कळीचा प्रश्न.

सुरुवात लुसिलियसपासून. इ.स.पू. दुसरं शतक, रोममध्ये अजून प्रजासत्ताक होतं. लुसिलियस गर्भश्रीमंत, सेनापती स्किपिओचा दोस्त. स्पेनमधल्या न्युमान्शियाच्या वेढ्यात तो त्याच्याबरोबर होता. त्यानं तीस भाग लिहिले, आज उरल्यात त्या तुटक ओळी. पुढे होरेसनं त्याची थट्टा केली, की हा एका पायावर उभं राहून तासाला दोनशे ओळी सांगायचा. पण त्याच्या धारिष्टाला होरेसनंही मान दिला. लुसिलियस बड्यांची नावं घ्यायचा. लुपस हा त्याचा आवडता बकरा. याच्याविषयी निर्णय घ्यायला साक्षात देवांची सभा भरते असं त्यानं लिहिलं.

हा लुपस कोण होता हे कळल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. रोममध्ये सेन्सॉर नावाचं निवडून दिलेलं पद होतं. शिरगणती करायची आणि जोडीला नागरिकांच्या चालचलणुकीवर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम. इ.स.पू. २७५ मध्ये रुफिनस नावाच्या सिनेटरला सेन्सॉरांनी सिनेटमधून काढून टाकलं होतं. गुन्हा काय, तर घरात दहा पौंड चांदीची भांडी. माणूस दोनदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झालेला, तरी सोडला नाही. त्याच रोममध्ये सव्वाशे वर्षांनी लुपस सेन्सॉर झाला. आणि त्याआधी सरकारी अधिकारात लुबाडणूक केल्याबद्दल तो दोषी ठरला होता, अशी नोंद वॅलेरियस मॅक्सिमस या रोमन लेखकानं केली आहे. नीतीचं खातं असल्या माणसाकडे गेलं, तेव्हा लुसिलियसनं ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं, कुणी मतं दिलेली नसताना. उपहासकवी म्हणजे बिनसरकारी सेन्सॉर, हा रोमन लोकांचा दावा इथून सुरू होतो.

दाव्याला लगेच एक पुरवणी जोडायला हवी. एका नटानं रंगमंचावर लुसिलियसचं नाव घेऊन त्याची टर उडवली. साऱ्या गावाची नावं घेणारे हे गृहस्थ थेट न्यायालयात गेले, अब्रूनुकसानीची तक्रार घेऊन. न्यायाधीशानं नटाला सोडून दिलं.

होरेसचं सगळंच वेगळं. जन्म इ.स.पू. ६५, दक्षिण इटलीतलं वेनुसिया गाव. बाप एकेकाळचा गुलाम, मुक्त झालेला, लिलावातले पैसे गोळा करून पोट भरणारा. पोरानं फिलिपीच्या लढाईत ब्रूटसची बाजू धरली, ती हरली. घरची जमीन गेली. मग रोमला येऊन त्यानं तिजोरी खात्यात कारकुनी मिळवली. ही तिजोरी सॅटर्न देवाच्या देवळात असायची. त्या देवळाचे आठ खांब रोममध्ये अजून उभे आहेत. कवी व्हर्जिलनं ओळख करून दिली आणि मायसेनस या बड्या आश्रयदात्याचं दार उघडलं, तरी कारकुनी पिच्छा सोडत नव्हती. एका कवितेत तो सांगतो, की सहकारी कारकून निरोप धाडतात, आज तेवढं महत्त्वाचं काम निघालंय, परत यायचं विसरू नका. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा निरोप वाचून मला त्याच्याबद्दल वाटू नये एवढी माया वाटली.

अशा माणसानं लुपससारख्यांची नावं कशी घ्यावीत? प्रजासत्ताक मेलेलं, ऑक्टेव्हियन या नव्या सत्ताधीशाचा अंमल बसत चाललेला. दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी होरेस ट्रेबाशियस या नामांकित वकिलाचा सल्ला घेतो. वकील म्हणतात, लिहूच नका. झोप येत नसेल तर टायबर नदी तीनदा पोहून जा आणि रात्री भरपूर दारू घ्या. लिहायचंच असेल तर ऑक्टेव्हियन सीझरचे पराक्रम लिहा. वर कायद्याचीही आठवण करून देतात. रोमच्या सर्वांत जुन्या, बारा फलकांच्या कायद्यात बदनामीच्या गाण्यांना शिक्षा होतीच. होरेस हसण्यावारी नेतो, पण सल्ला त्यानं पाळलाय. त्याच्या कवितांत माणसं आहेत ती किरकोळ: अंगाला घाण येणारा, चिक्कू, रस्त्यात गाठून सोडत नाही असा चिकट माणूस, मेजवानीत प्रत्येक पदार्थाची वंशावळ सांगणारा नवश्रीमंत. एकही असामी अशी नाही की जी उद्या त्याची नोकरी घालवेल.

म्हणजे भित्रा? तसं म्हणणारे आहेत, आणि जुवेनालचे भक्त तर हमखास म्हणतात. मला ते पटत नाही. बड्यांवरची वाट बंद झाली तेव्हा होरेसनं वळून विचारलं, की मुळात माणसाला बरं-वाईट कळतं कसं? उत्तरासाठी तो ग्रंथांकडे गेला नाही, बापाकडे गेला. गावातल्या शाळेत सैन्यातल्या अंमलदारांची धट्टीकट्टी पोरं जायची. बापानं पोराला तिथं न घालता रोमला आणलं आणि स्वतः त्याच्याबरोबर एकेका गुरुजींकडे जाऊन राखणीला बसला. वाटेनं जाताना बोट करून दाखवायचा. तो बघ अमक्याचा मुलगा, बापाची इस्टेट उडवून कसा हालात राहतोय. तो तमका बघ, फाटका झालाय. आणि चांगलं वागायचं तर त्या पंचाकडे बघून वाग. बाप सांगायचा, असं का आणि तसं का हे पंडित तुला पुढे समजावतील. मला आपलं तू हाताशी आहेस तोवर तुझं नाव आणि जीव शाबूत ठेवता आला तरी खूप.

ही सवय होरेसला जन्मभर पुरली. तो लिहितो, की मी पलंगावर आडवा असतो किंवा ओसरीत फेऱ्या घालत असतो, तेव्हा ओठ मिटून स्वतःशीच बोलतो: हे बरोबर, हे केलं तर बरं होईल, त्या गृहस्थानं केलं ते शोभलं नाही, मी कधी चुकून असं करीन का? आणि वेळ मिळाला की ते कागदावर उतरवतो. त्याची उपहासकविता म्हणजे बापाचं ते बोट. फक्त ते वळून कवीच्या स्वतःच्या छातीकडेही जातं.

पर्सियसचं थोडक्यात सांगतो, कारण तोच थोडक्यात गेला. इ.स. ३४ ते ६२, पुरती अठ्ठावीस वर्षंही नाहीत. सहाच कविता, त्याही गाठी मारल्यासारख्या अवघड. स्टोइक तत्त्वज्ञ कॉर्नुटस त्याचा गुरू. काळ नीरोचा, त्यामुळे नाव घेणं दूरच राहिलं. गाढवाचे कान असलेल्या मिडास राजाचं गुपित न्हाव्यानं खड्डा खणून त्यात सांगितलं, तसं मी माझ्या पुस्तकात कुजबुजतो, असं तो म्हणतो. त्याच्या जुन्या चरित्रात आहे, की मूळ ओळीत गाढवाचे कान मिडास राजाचेच होते. नीरो ते स्वतःवर ओढून घेईल म्हणून कॉर्नुटसनं ओळ बदलली आणि ‘गाढवाचे कान कुणाला नाहीत?’ अशा अर्थाचा प्रश्न करून टाकला. भीतीपोटी केलेली दुरुस्ती, पण कविता त्यामुळे सुधारली असं माझं मत. राजा सुटला आणि वाचणारा सापडला. पर्सियसची प्रार्थनेवरची कविताही अशीच सगळ्यांना गाठते. देवळात उभा राहून माणूस मोठ्यानं सद्बुद्धी मागतो, आणि मग ओठातल्या ओठात: काकांचं एकदाचं थाटात उरकू दे, कुदळीला चांदीचा हंडा लागू दे, आणि वारसाहक्कात माझ्या पुढे असलेलं ते आजारी पोर तेवढं जाऊ दे.

आता परत जुवेनाल. पहिल्याच कवितेत तो दात-ओठ खात येतो. रोमच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर उपहास न लिहिणंच अवघड, हा त्याचा पवित्रा. मग एक आवाज त्याला थांबवतो. ट्रॉयच्या युद्धावर लिही, अकिलीस काही फिर्याद लावणार नाही. सत्तेतल्या माणसाचं नाव घेतलंस तर रिंगणात खांबाला बांधून मशालीसारखा जाळतील. जुवेनाल एवढा वेळ गरजलेला, ते ऐकून म्हणतो, मग ज्यांची राख फ्लामिनियन आणि लॅटिन रस्त्यांच्या कडेला पुरलेली आहे, त्यांच्यावर काय चालतं ते बघतो. रोममध्ये थडगी गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला असत. एवढा गडगडाट करून शेवटी नावं मेलेल्यांची! काही अभ्यासक यात कवीनं स्वतःचीच उडवलेली खिल्ली पाहतात. मला यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. काय चालेल आणि काय नाही, याचं दरपत्रकच त्यानं दारावर लावलं.

मेलेल्यांच्या आडून त्यानं जे दाखवलं ते मात्र अजून जिवंत आहे. सेजानस हा काप्री बेटावर राहणाऱ्या सम्राट टायबेरियसचा उजवा हात, इ.स. ३१ मध्ये एका दिवसात कोसळला. जुवेनाल त्याचा मृत्यू रंगवत नाही, त्याचा पुतळा दाखवतो. दोरानं ओढून पाडलेला, भट्टीत घातलेला. जगात दोन नंबरचा असलेला तो चेहरा वितळतो आणि त्याचे होतात तांबे, कढया आणि मोऱ्यांतली मुताची भांडी. खाली बघ्यांचं बोलणं चालू. मला तो कधी आवडलाच नव्हता. पण गुन्हा काय म्हणे? साक्षीदार कोण? छे, तसलं काही नाही, काप्रीहून एक लांबलचक पत्र आलंय. बरं, बरं, मग काही विचारायला नको. जे लोक एकेकाळी सेनापती आणि अधिकारी निवडायचे, ते आता फुकट धान्य आणि सर्कशीतल्या शर्यती एवढ्यावरच खूश आहेत, असं तो तिथेच म्हणतो.

मेजवानीच्या कवितेतही हेच. वायरो हा यजमान, ट्रेबियस हा त्याचा आश्रित. एकाच पंगतीत दोन जेवणं. यजमानापुढे शतावरीच्या कोंबांत मांडलेला मोठा शेवंड, आश्रितापुढे अर्ध्या अंड्याबरोबर एक खेकडा. यजमानाला कॉर्सिकाहून आणलेला मासा, आश्रिताला टायबरच्या गटारात पोसलेला. आपण वाट बघतो की आता वायरोची खरडपट्टी. होतेही थोडी. पण शेवटचा फटका ट्रेबियसला बसतो: हे सगळं तू गिळतोयस, म्हणजे तुझी लायकी तेवढीच. माझ्या मते हा फटका कठोर आहे आणि अर्धा अन्यायाचाही आहे. उपाशी माणसाला मानाचं व्याख्यान देणं सोपं असतं.

जुवेनालवर माझा राग आणखी दोन ठिकाणी आहे. तिसऱ्या कवितेत अंब्रिशियस नावाचा गरीब रोमन गाव सोडून क्युमीकडे निघालाय. गाडीत बिऱ्हाड चढतंय तोवर तो रोमचं गाऱ्हाणं सांगतो. पडायला आलेल्या चाळवजा इमारती, रात्रभर गाड्यांचा खडखडाट, खिडकीतून डोक्यावर पडणारी मडकी. कॉर्डसची गोष्ट तर काळजाला भिडते: एक आखूड खाट, काही मडकी, उंदरांनी कुरतडलेली ग्रीक पुस्तकं, आग लागली, सगळं गेलं, कुणी भाकरीला विचारलं नाही. श्रीमंताचं घर जळतं तेव्हा मात्र एवढ्या भेटी येतात, की यानंच लावली असेल अशी शंका यावी. हे सगळं खरं. पण त्याच तोंडानं अंब्रिशियस बाहेरून आलेल्या ग्रीक आणि सीरियन लोकांवर गरळ ओकतो. आणि सहावी कविता, जवळजवळ सातशे ओळींची, बायकांवर. तिच्यात नीती शोधायला गेलो तर हाती लागते ती चीड. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी यावर एक तोड काढली: हा बोलणारा म्हणजे जुवेनाल नव्हे, तो एक मुखवटा, आणि त्याचा आंधळा संताप हाच कवितेचा खरा विषय. अंब्रिशियसच्या बाबतीत मला हे पटतं. सातशे ओळी मुखवटा घालून कुणी बसत असेल, हे पटायला जड जातं.

तरी त्याच्या चौदाव्या कवितेतली एक जागा मी कुणालाही वाचायला देईन. पाहुणा येणार म्हणून घरात धावपळ चाललीये. फरशी पुसा, चांदी घासा, खांबावरची कोळिष्टकं काढा, अंगणातली कुत्र्याची घाण उचला. मालक काठी घेऊन ओरडतोय. आणि घरात तुझा मुलगा रोज काय बघतो, त्याची तुला फिकीर नाही, असं जुवेनाल विचारतो. हा गरजणारा जुवेनाल वाटत नाही. होरेसच्या बापाचा आवाज आहे हा, दीडशेहून अधिक वर्षांनी परत आलेला.

राहता राहिलं ते एवढंच, की हे सगळं सांगायचा हक्क कवीला दिला कुणी? याचं उत्तर होरेसनंच एका कवितेत देऊन ठेवलंय, आणि मला तरी त्याच्याहून बरं सापडलेलं नाही. डिसेंबरातला सॅटर्नेलियाचा सण. या दिवसांत गुलामांना तोंड उघडायची मुभा असे. होरेसचा गुलाम डावस ती घेतो. मालक, तुम्ही रोममध्ये असता तेव्हा शेताचे गोडवे गाता, आणि शेतावर गेलात की रोमचे. जेवायला कुणी बोलावलं नाही की घरची भाजी कशी गोड लागते सांगता. आणि दिवेलागणीला मायसेनसचं बोलावणं आलं की दिव्याचं तेल कुठे म्हणून घर डोक्यावर घेता. मी भिंतीवरची ग्लॅडिएटरांची चित्रं बघत थांबलो तर कामचुकार. तुम्ही नामांकित चित्रकाराच्या पाटीपुढे खिळलात तर जाणकार. एक तासभर स्वतःबरोबर एकटं बसवत नाही तुम्हाला. मग आपल्या दोघांत गुलाम कोण? हे सारं तत्त्वज्ञान डावसला मिळालंय कुठून, तर क्रिस्पिनस नावाच्या तत्त्वज्ञाच्या दारवानाकडून.

दुसऱ्यांच्या खोड्या काढण्यात हयात घालवलेले होरेस यावर काय म्हणतात? दगड कुठाय, म्हणून ओरडतात. बाण कुठायत? आणि डावसला बजावतात, की या क्षणी चालता हो, नाहीतर सबाइनच्या शेतावर आठ मजूर राबतायत, तिथे नववा म्हणून तुझी रवानगी.